धातूच्या अ‍ॅनोडवरील संरक्षक लेप : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा (अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटरीत ग्रॅफाइटच्या जागी प्रत्यक्ष धातूचाच अ‍ॅनोड वापरावा, ही कल्पना आजची नाही. लिथियम धातूचा एक ग्रॅम सुमारे ३८६० मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार देऊ शकतो. ग्रॅफाइटचा एक ग्रॅम ३७२. जस्ताचा आकडा वजनाच्या हिशेबाने ८२० इतकाच असला, तरी घनफळाच्या हिशेबाने जस्त लिथियमच्या जवळजवळ तिप्पट भरते. केवळ आकड्यांकडे पाहिले तर या धातूंनी बाजार केव्हाच काबीज करावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. धातू उघडा राहिला की तो विद्युत अपघटनी द्रवाशी अभिक्रिया करतो, क्षरण पावतो, आणि भारित होताना पूर्वीच्या जागी सपाट न बसता काटेरी, शेवाळासारखा वाढतो. हे काटे पलीकडच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचले की घट आतल्या आत जोडला जातो, तापतो व प्रसंगी पेट घेतो. यावर उपाय म्हणून अ‍ॅनोडच्या पृष्ठभागावर संरक्षक लेप देण्याचे संशोधन गेली अनेक वर्षे जगभर चालू आहे आणि त्याविषयीच्या शोधनिबंधांची संख्या सतत वाढते आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय एखाद्या नव्या लेपाची ओळख करून देणे हा नाही. लेप चांगला की वाईट हे ज्या निकषांवर ठरविले जाते, त्या निकषांची चिकित्सा करणे हा आहे. लेप ही वस्तू बॅटरीच्या शास्त्राने शोधलेली नसून भांडी, जहाजे, नळ आणि पूल यांच्या दीर्घ अनुभवातून ती आलेली आहे. या अनुभवाचा एक मोठा साठा ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे आहे. लेपाच्या पाठीमागून वाहणाऱ्या पाण्याचा अनुभवही याच परिसरात आहे. म्हणून या दोन्हींच्या उजेडात बॅटरी-लेपांचे दावे तपासून पाहणे उचित ठरेल.

संज्ञेचा घोळ

प्रथम एका भाषिक अडचणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘अ‍ॅनोड’साठी ‘धनाग्र’ आणि ‘कॅथोड’साठी ‘ऋणाग्र’ हे शब्द रूढ आहेत. विद्युत विलेपनाच्या कुंडीत ते बिनचूक लागू पडतात. तेथे अ‍ॅनोड खरोखरच धन टोकाला जोडलेला असतो. परंतु वीज देणाऱ्या घटात अ‍ॅनोड हे ऋण टोक असते. टॉर्चच्या सेलचे जस्ताचे भांडे हा त्याचा अ‍ॅनोड आणि तेच त्याचे ऋण टोक. तेव्हा ‘बॅटरीचे धनाग्र’ असे म्हटले की विद्यार्थी नेमका उलट्या टोकाकडे पाहतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३४ साली हा शब्द स्वीकारला तेव्हा त्यात धन-ऋणाचा संबंध नव्हता. ग्रीक मुळातील अर्थ ‘वर जाणारी वाट’ इतकाच आहे. अ‍ॅनोड म्हणजे जेथे ऑक्सिडीकरण घडते ते टोक. मराठीकरण करताना चिन्हाचा आधार घेतला गेला आणि क्रियेचा सुटला. या कारणास्तव येथे ‘अ‍ॅनोड’ हाच शब्द वापरला आहे.

ऑक्सिडीकरण घडणे हेच अ‍ॅनोडचे काम आहे. घटातून वीज मिळते ती धातू झिजतो म्हणून. मग त्याचे ‘संरक्षण’ करावयाचे म्हणजे काय? लोखंडी कुंपणावरील रंगाने कोणालाच आत येऊ द्यावयाचे नसते. अ‍ॅनोडवरील लेपाने मात्र आयनांना वाट द्यावयाची, द्रवाला अडवावयाचे, इलेक्ट्रॉनला अडवावयाचे, आणि हे सर्व खालची जमीन दररोज खचत व वाढत असताना करावयाचे. दर चौरस सेंटिमीटरला ४ मिलिअँपिअर-तास इतका भार ये-जा करतो असे धरले, तर लिथियमची पातळी प्रत्येक आवर्तनात सुमारे २० मायक्रोमीटर वरखाली होते. लेपाची स्वतःची जाडी मात्र पुष्कळदा काही दहा नॅनोमीटरांची असते. भिंत रोज शेकडो पापुद्र्यांइतकी पुढे-मागे सरकत असेल तर गिलावा कसा टिकावा, हा प्रश्न येथे अक्षरशः उभा राहतो.

पारा, नवसागर आणि कल्हई

अ‍ॅनोडवर लेप देण्याची पहिली यशस्वी युक्ती पाऱ्याची होती. अशुद्ध जस्त आम्लात ठेवले की वीज न घेताही ते जागोजागी विरघळते व हायड्रोजन सुटतो. जस्तावर पारा चोळला की हा अपव्यय थांबतो, हे विल्यम स्टर्जन यांनी १८३० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटात, त्यातून निघालेल्या कोरड्या सेलमध्ये आणि विसाव्या शतकातील अल्कलाइन सेलमध्येही पारा राहिला. बॅटरी टिकली; पारा कचऱ्यात, मातीत आणि पाण्यात गेला. अमेरिकेत १९९६ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि उत्पादकांनी बिनपाऱ्याचे सेल आणले. भारतातील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यात पाऱ्याचे प्रमाण लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे ज्या लेपाने शतकाहून अधिक काळ अ‍ॅनोडचे उत्तम रक्षण केले, तोच अखेर नाकारला गेला, आणि तो बॅटरीत अपयशी ठरला म्हणून नव्हे.

लेक्लांशेच्या घटातील द्रव म्हणजे नवसागराचे द्रावण. मराठी घरांना हा पदार्थ कल्हईवाल्याच्या पोतडीतून ओळखीचा आहे. तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर तो नवसागर टाकतो, पृष्ठभाग स्वच्छ होतो, आणि मग कथिलाचा चकचकीत हात फिरतो. कल्हई उडाली की ताक-आमटी कळकते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कल्हई कायमची असते असा दावा कोणीही कधी केला नाही. ती उडणारच, आणि उडाली की पुन्हा करावयाची, हे त्या व्यवहारात गृहीत असते. लेप आणि त्याची दुरुस्ती मिळून ती व्यवस्था पूर्ण होते. बंद डब्यातील बॅटरीत मात्र कल्हईवाला शिरू शकत नाही. दुरुस्तीची सोय आधीच आत भरून ठेवावी लागते, आणि भरून ठेवलेली वस्तू केव्हातरी संपते.

लिथियमवरची साय

लिथियमच्या बाबतीत निसर्गच एक लेप देतो. धातू द्रवात बुडताक्षणी द्रवाचे विघटन होऊन त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ साली या थराचे स्वरूप स्पष्ट केले : तो आयनांना जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला जाऊ देत नाही. दुधावरच्या सायीची उपमा येथे अधिक नेमकी ठरते. साय फुटली की खालचे दूध पुन्हा वर येऊन नवी साय धरते. पण प्रत्येक वेळी थोडे दूध खर्ची पडते. लिथियमची पातळी वरखाली झाली की थर फाटतो, उघडा पडलेला धातू पुन्हा द्रवाशी अभिक्रिया करतो, लिथियमही घटतो आणि द्रवही आटतो.

या सायीवर विसंबून राहण्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्झॉन कंपनीत लिथियम व टायटॅनियम डायसल्फाइड यांची बॅटरी तयार केली. काट्यांच्या वाढीमुळे शुद्ध लिथियम सोडून अ‍ॅल्युमिनियमबरोबरच्या त्याच्या मिश्रधातूकडे वळावे लागले. कॅनडातील मोली एनर्जी कंपनीने लिथियम धातूचे सेल बाजारात आणले. १९८९ साली जपानमधील भ्रमणध्वनींत त्यांनी पेट घेतल्याच्या घटनांनंतर ते परत बोलवावे लागले. १९९१ मध्ये सोनीने धातूऐवजी कार्बन वापरून लिथियम-आयन बॅटरी विकावयास सुरुवात केली आणि धातूचा अ‍ॅनोड तीन दशके मागे पडला. व्हिटिंगहॅम यांना २०१९ साली गुडइनफ व योशिनो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाच्या मुळाशी असलेली बॅटरी धातूच्या अ‍ॅनोडची होती आणि जगभर पोहोचलेली बॅटरी धातूच्या अ‍ॅनोडची नव्हती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

शिसे आणि कॅडमियम यांचे अ‍ॅनोड मात्र टिकले. गास्ताँ प्लान्ते यांची शिसे-आम्ल बॅटरी १८५९ पासून आजतागायत चालू आहे. आपल्या परिसराला ती परकी नाही. तिला लागणारे सल्फ्युरिक आम्ल अंबरनाथच्या धरमसी मोरारजी कारखान्यात दीर्घकाळ तयार होत असे. शिशाचे यश लेपामुळे नाही. वीज देताना त्याचे जे लेड सल्फेट होते ते द्रवात फारसे विरघळत नाही, जेथे झाले तेथेच बसून राहते व भारित करताना तेथेच परत शिसे होते. जस्त विरघळून निघून जाते आणि परतताना मिळेल त्या उंचवट्यावर बसते. लिथियमचेही तसेच. म्हणजे लेपाकडे जे काम सोपविले आहे ते केवळ राखणीचे नसून परतणाऱ्याला त्याच्या जागेवर बसविण्याचे आहे. बहुसंख्य निबंधांच्या शीर्षकांत ‘संरक्षण’ हा शब्द असतो. ‘वाटप’ हा शब्द अधिक खरा ठरला असता.

प्रयोगशाळेतील दीर्घायुष्य

आता मुख्य मुद्द्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. लेपांविषयीच्या निबंधांत आढळणारे सर्वांत ठळक चित्र म्हणजे सममित घटाचा आलेख. दोन्ही बाजूंना एकाच धातूचे पत्रे, एकावर किंवा दोहोंवर लेप, आणि हजारो तास सपाट चालणारी रेषा. शेजारी लेप नसलेल्या पत्र्याची रेषा लवकरच विस्कटलेली दाखविलेली असते. चित्र प्रभावी असते. त्यातून सिद्ध काय होते हे मात्र पत्र्याची जाडी पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

प्रयोगांत वापरला जाणारा लिथियमचा पत्रा अनेकदा ४०० मायक्रोमीटरांहून जाड असतो. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर-तास एवढाच भार हलविला, तर त्यापैकी सुमारे ५ मायक्रोमीटर धातू कामाला लागतो. उरलेला सगळा धातू राखीव. शंभराचा पगार असलेल्या माणसाने रोज एक रुपया खर्च करून आपण काटकसरी असल्याचे सिद्ध करावे, तसा हा प्रकार होय. लेपामुळे प्रत्येक आवर्तनात किती लिथियम वाया गेला हे या रेषेतून दिसतच नाही, कारण वाया गेलेल्याची भरपाई मागच्या साठ्यातून गुपचूप होत राहते. जस्ताच्या निबंधांत तर १०० मायक्रोमीटरचा पत्रा घेऊन १ मिलिअँपिअर-तास हलविला जातो. म्हणजे एकूण जस्ताच्या दोन टक्क्यांहूनही कमी. अशा प्रयोगातून लेपाचे नव्हे, पत्र्याच्या जाडीचे गुण कळतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. काटा पलीकडे पोहोचून बारीकसा अंतर्गत जोड तयार झाला, तर विद्युतदाब एकदम कोसळतोच असे नाही. काही वेळा तो किंचित खाली येतो आणि रेषा पूर्वीपेक्षाही सपाट दिसू लागते. म्हणजे घट आतून फुटलेला असताना आलेखावर तो निरोगी दिसतो, आणि ते तास लेपाच्या आयुष्यात मोजले जातात. हा धोका या क्षेत्रातील अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. तरीही केवळ रेषेच्या लांबीवर आधारलेले दावे अद्याप छापले जातात.

यापेक्षा नि:पक्ष मोजमाप म्हणजे प्रत्येक आवर्तनात जितका भार घातला त्यातील किती परत मिळाला हे गुणोत्तर. येथेही आकडे फसवे असतात. ९९ टक्के परतावा हा परीक्षेत उत्तम. बॅटरीत मात्र राखीव धातू नसेल तर शंभर आवर्तनांनंतर सुमारे ३७ टक्केच उरतो. ९९.९ टक्के असल्यास शंभरानंतर ९० टक्के उरतो, पण हजारानंतर पुन्हा तोच ३७. हजार आवर्तनांनंतर ८० टक्के शिल्लक हवी असेल तर परतावा ९९.९७८ टक्के असावा लागतो. दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकावर बॅटरीचे आयुष्य अवलंबून आहे. आणि अनेक निबंधांत ‘९९ टक्क्यांहून अधिक’ असे लिहून विषय संपविला जातो. ‘अधिक’ या एका शब्दात बॅटरीची सगळी वर्षे सामावलेली आहेत.

या प्रवृत्तीचा दुसरा चेहरा सिद्धान्ताच्या बाजूने दिसतो. चार्ल्स मनरो व जॉन न्यूमन यांनी २००५ साली असे गणित मांडले की लिथियमच्या सुमारे दुप्पट कर्तन-मापांक असलेला थर काट्यांना दाबून ठेवू शकेल. या गणिताचा आधार घेऊन ‘कठीण लेप म्हणजे सुरक्षित लेप’ असे समीकरण रूढ झाले. पुढे गार्नेटसारखे, लिथियमहून कितीतरी कठीण असलेले सिरॅमिक घेऊनही लिथियम त्यांच्या भेगांतून व कणांच्या सीमांमधून आत शिरतो असे आढळले. मूळ गणितात चूक नव्हती. ते भेगा नसलेल्या, एकसंध थरासाठी होते. वाचकांनी त्यातील अट गाळली.

याउलट, प्रश्न योग्य प्रकारे विचारला की लेपाचे संशोधन किती उंची गाठू शकते याचीही उदाहरणे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नागफणी ऐतुकुरी यांच्या गटाने २०२२ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात काटे कोठून येतात याचा शोध घेतला. वीज देताना लिथियम व घन अपघटनी यांच्या सांध्यावर सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्या पोकळ्यांच्या कडांशी प्रवाह एकवटून काटे फुटतात, असे त्यांनी दाखविले. टंगस्टन व मॉलिब्डेनम यांचा अतिशय पातळ थर दिल्यास पोकळ्या उशिरा होतात. येथे लेप किती तास टिकला यापेक्षा तो कशामुळे हरतो हे विचारले गेले, आणि त्यामुळे लेपाची निवडही डोळसपणे करता आली. सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० साली ‘नेचर एनर्जी’त मांडलेला चांदी-कार्बनचा थरही याच पंक्तीत बसतो, तेथे जादा लिथियम अजिबात न घेता ०.६ अँपिअर-तासाच्या पूर्ण घटावर हजाराहून अधिक आवर्तने घेतली. अर्थात तो घट ६० अंश सेल्सिअसला चालविलेला होता. खिशातल्या फोनला ही सवलत मिळणार नाही.

ओरखड्याची कसोटी

अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना शीळ-बदलापूर मार्गावर संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत नौदल रासायनिक व धातुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून तिची सुरुवात झाली. पुढे ती अंबरनाथला आली. समुद्राच्या पाण्यात जहाजाचे लोखंड कसे टिकवावे हा तिचा जन्मापासूनचा विषय. याच प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लावर चालणाऱ्या इंधनघटाची प्रणाली विकसित केली. तिच्या जमिनीवरील प्रतिकृतीची यशस्वी चाचणी ८ मार्च २०२१ रोजी झाली. म्हणजे लेपाचे शास्त्र आणि विद्युतघटाचे शास्त्र ही दोन्ही येथे एकाच कुंपणात नांदतात.

जहाजाच्या तळाला जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बसविलेले असतात. तेही अ‍ॅनोडच, मात्र त्यांनी स्वतः झिजून जहाजाला वाचवावयाचे असते. अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप धरणारा ऑक्साइडचा लेप येथे गुण न ठरता दोष ठरतो, कारण लेपाखाली सुरक्षित बसलेला ठोकळा जहाजाच्या कामाचा नाही. म्हणून त्यात थोडे इंडियम मिसळून तो लेप मुद्दाम मोडला जातो. बॅटरीतील संशोधक जो थर मिळविण्यासाठी धडपडतो तोच येथे शत्रू मानला जातो. एकच धातू, एकच थर. काम बदलले की गुणाचा अवगुण होतो. लेपाला स्वतंत्र गुण असा नसतो, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

मात्र जहाजाच्या रंगाची जी चाचणी आहे तिच्याकडे बॅटरीच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असे वाटते. रंग दिलेला पत्रा ३५ अंश सेल्सिअस तापमानात पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या तुषारांखाली ठेवावयाचा, ही चाचणी १९३९ पासून प्रमाणित आहे. तीत अनेकदा पत्रा पेटीत ठेवण्यापूर्वी रंगावर धारदार हत्याराने धातूपर्यंत ओरखडा काढतात. काही शे तासांनी रंग कोरा राहिला का हे पाहण्यापेक्षा, ओरखड्यापासून गंज रंगाखाली किती मिलिमीटर सरकला हे मोजतात. रंगारी आणि रसायनज्ञ दोघेही गृहीत धरतात की लेप कोठेतरी फुटणारच : नांगराची साखळी घासेल, धक्क्याला बाजू लागेल. तेव्हा चांगला लेप कोणता, तर जखम झाल्यावर ती पसरू न देणारा.

बॅटरीच्या लेपांवरील निबंधांत ही कसोटी सहसा आढळत नाही. तेथे लेप दिलेला उत्तम पत्रा आणि लेप नसलेला उघडा पत्रा यांचीच तुलना असते. मधला, म्हणजे लेप फुटलेला पत्रा अनुपस्थित असतो. वास्तविक कारखान्यात मीटरमागे मीटर गुंडाळल्या जाणाऱ्या पातळ पत्र्यावर दर मीटरला एखादे सुईच्या टोकाएवढे छिद्र राहणे अपरिहार्य आहे. अशा छिद्रावर काय घडते? अवतीभोवती लेपाचा रोध असल्याने सगळा प्रवाह त्या उघड्या ठिपक्याकडे धावतो आणि काटा नेमका तेथेच, लेप नसता त्याहून जोमाने वाढतो. अर्धवट लेप हा लेप नसण्यापेक्षा अधिक घातक ठरण्याची शक्यता असते. जस्ताच्या नळांच्या अनुभवाने हे उलट्या बाजूने शिकविले आहे : लोखंडावरील जस्त ओरखडले तरी जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला वाचविते, कथिल ओरखडले की उघडे लोखंड अधिक वेगाने गंजते. दोन्ही लेप चकाकतात. फरक ओरखड्यानंतर दिसतो.

मिठाच्या तुषारांची चाचणीही निर्दोष नाही. तिचे तास आणि समुद्रातील वर्षे यांचा मेळ बसत नाही, हे रंगाच्या व्यवसायातील जाणकार मान्य करतात, आणि म्हणून नमुने प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धतही जोडीला आहे. परंतु आपल्या चाचणीची मर्यादा उघडपणे मान्य करणे हीच त्या व्यवसायाची प्रौढता होय. बॅटरीत त्याच्या तोडीची साधी चाचणी म्हणजे घट भारित करून काही आठवडे स्वस्थ ठेवणे आणि मग किती भार उरला ते पाहणे. गाडी दिवसातील बहुतेक वेळ उभीच असते. लेपाची खरी परीक्षा त्या उभ्या तासांत होते, आणि नेमके तेच तास आलेखावर नसतात.

जस्त आणि वालधुनीचे पाणी

लिथियमसाठी भारत परदेशावर अवलंबून आहे. जस्त मात्र देशात खाणीतून निघते व शुद्ध होते. म्हणून पाण्यातील जस्त बॅटरीकडे येथील संशोधक आशेने पाहतात. ती पेट घेत नाही, हा तिचा मोठा गुण. निबंधांच्या प्रास्ताविकांत तिला ‘सुरक्षित’ व ‘पर्यावरणस्नेही’ ही विशेषणे हमखास लावली जातात. पहिले विशेषण योग्य आहे. दुसऱ्याची चिकित्सा करण्यास उल्हासनगर-अंबरनाथसारखी जागा नाही.

या बॅटरीत जस्त सल्फेटचे द्रावण सर्रास वापरतात. हा पदार्थ या परिसराला नवा नाही. उल्हासनगरच्या हद्दीत शहाड येथे सेंचुरी रेयॉनचा कारखाना आहे. व्हिस्कोज रेयॉनच्या प्रक्रियेत धागा ज्या आम्लाच्या कुंडात उतरतो त्यात सामान्यतः जस्त सल्फेट असते आणि धाग्याची बाहेरची त्वचा घट्ट होण्यास त्याची मदत होते. तेथेही प्रश्न लेपाचाच, फक्त धातूऐवजी धाग्यावरचा. बॅटरीतील द्रावण पुष्कळदा दोन मोलर तीव्रतेचे असते. म्हणजे लिटरला सुमारे १,३०,००० मिलिग्रॅम जस्त. नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने असे एक लिटर द्रावण मर्यादेत आणावयाचे तर सुमारे २६,००० लिटर स्वच्छ पाणी लागेल. विषारीपणाच्या तक्त्यात जस्त पाऱ्याच्या जवळपासही नाही, हे खरे. परंतु मासा तक्ता वाचत नाही.

जस्तावरील लेपांचा इतिहासही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. पाऱ्यानंतर आला क्रोमेट. जस्ताचा मुलामा दिलेल्या नट-बोल्टांवर जी पिवळसर इंद्रधनुषी झाक दिसते ती षट्संयुजी क्रोमियमच्या द्रावणात बुडविल्याने येते. लेप उत्कृष्ट, आणि ते क्रोमियम कर्करोगकारक. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. युरोपने २००६ पासून विजेच्या उपकरणांत त्यावर निर्बंध आणले. आता बॅटरीच्या लेपांत फ्लोरिनचे युग आहे : लिथियम फ्लोराइडचे थर, फ्लोरिनयुक्त बहुवारिके, फ्लोरिनयुक्त क्षार. फ्लोराइडची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, आणि फ्लोरिनयुक्त बहुवारिकांपैकी अनेकांचे निसर्गात विघटन जवळजवळ होत नाही. पारा, क्रोमियम, फ्लोरिन : प्रत्येक पिढीने धातू वाचविण्यासाठी जो पदार्थ निवडला तो पाण्याला जड गेला. हा योगायोग नव्हे. जो पदार्थ काही केल्या अभिक्रिया करीत नाही, विरघळत नाही वा मोडत नाही, तोच लेपासाठी निवडला जातो. आणि तेच गुण त्याला नदीत अमर करतात.

अंबरनाथच्या शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील शिवमंदिराला लगटून वालधुनी वाहते. पुढे ती उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून तिच्या पात्रात ओतलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि काठावरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसह स्थानिक संस्थांनाही आर्थिक जबाबदार धरले. त्याच उल्हास नदीवरील बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यातून बदलापूर व अंबरनाथच्या लोकांसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. या तीन शहरांतील रहिवाशाला ‘पर्यावरणस्नेही’ या विशेषणाचा पुरावा मागण्याचा अधिकार आहे, आणि तो पुरावा आवर्तनांच्या संख्येत मिळत नाही.

देशात प्रगत घटांचे कारखाने उभे राहावेत यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. असे कारखाने उभे राहतील तेव्हा त्यांना लागणारी लेपाची रसायने कोणत्या तरी औद्योगिक वसाहतीत तयार होतील, आणि रासायनिक पट्टे असलेल्या अंबरनाथ-बदलापूरसारख्या वसाहती त्या यादीत असण्याचा संभव बराच आहे. अशा वेळी लेपाच्या निबंधात चार गोष्टी नोंदविणे कठीण नाही : पत्र्याची जाडी, प्रत्यक्ष वापरलेल्या धातूचे प्रमाण, मुद्दाम फोडलेल्या लेपाचे वर्तन, आणि एक चौरस मीटर लेप देताना वाया गेलेले पाणी व त्यातील द्रव्ये. पहिल्या दोन गोष्टी काही नियतकालिके आता आग्रहाने मागतात. तिसरी क्वचित दिसते. चौथी शोधूनही सापडत नाही. प्रयोगपद्धतीच्या परिच्छेदात लेप दिलेला पत्रा ‘आयनविरहित पाण्याने तीन वेळा धुऊन वाळविला’ असे एक वाक्य बहुतेक निबंधांत येते. पत्र्याचे पुढे काय झाले हे त्यानंतर दहा पाने सांगितलेले असते. त्या पाण्याचे पुढे काय झाले हे कोठेही लिहिलेले नसते.